आजोबांचा आहेर

आमच्या आईच्या तोंडात तिचा स्वतःचा एकही दात नाही, आणि त्याचा तिला कोण अभिमान! एकोणीस वर्षांची असताना, लग्नाच्या आदल्या महिन्यात, आजोबांनी तिचे सगळेच्या सगळे दात काढून घेतले आणि वरखाली नवीकोरी कवळी करून दिली. हा आहेर. आमच्या लामेक बेटावर त्या काळी चांगल्या घरच्या मुलीला असाच आहेर व्हायचा. पुढे नवऱ्याला दाताच्या डॉक्टरची कटकट नको, पोरीला दुखणं नको, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. ज्यांना परवडायचं नाही ते बिचारे मुलींना दातांसकट सासरी पाठवायचे.

"साठ वर्षांत एक दिवस माझी दाढ दुखली नाही," असं आई चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून चारचौघींना सांगते. आता दाढच नाही तर दुखणार काय, कपाळ? पण हे तिला सांगायची कुणाची टाप नाही. ओझित हाशे हे तिचं नाव घेतलं की अख्खं बेट जरा सरळ उभं राहतं.

एवढा अभिमान असून कवळी काढलेली आई मात्र कुणी पाहिलेली नाही. न्हाणीघरात शिरली की आतून कडी. बाबांनीसुद्धा पन्नास वर्षांच्या संसारात पाहिलं नाही. खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कवळी काढावीच लागली, तर बाईने नर्सकडून तोंडावर टॉवेल टाकून घेतला आणि तशीच ढकलगाडीवरून गेली. बाहेर बसलेल्या लोकांना वाटलं, गेली म्हातारी. एकाने टोपीसुद्धा काढली.

आता माझं. मी रोलांद, तिची एकुलती एक. बावन्न वर्षांची आहे, खेकड्यांच्या कारखान्यात उभी असते आणि तोंडाने जरा फटकळ आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत. तर या तोंडातून कित्येक वर्षं रक्त यायचं. ब्रश केला की बेसिन लाल. मला वाटायचं सगळ्यांचंच येत असेल. रक्त येतंय म्हणून मी तिथे ब्रश लावायचंच बंद केलं, म्हणजे शहाणपणाची कमालच. मग एके दिवशी पाव चावताना खालचा पुढचा दात हलला. जिभेने ढकलला तर दारासारखा पुढेमागे व्हायला लागला.

माझा नवरा ओरेल फार सांभाळून बोलणारा माणूस. तो म्हणाला, "रोलांद, तुझ्या तोंडात कुठे काही दुखतंय का गं?"

"का? वास येतो?"

"तसं नाही..."

"तुझे मासेमारीचे बूट आधी ओसरीत ठेव, मग माझ्या तोंडाचं बघू," मी म्हणाले. पण त्या दिवसापासून मी हसताना हात तोंडावर धरायला लागले.

आईला कळलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मला नातू झालाय असं वाटावं. माझ्या लग्नात तिने हाच आहेर द्यायचा घाट घातला होता आणि मी साफ नाही म्हटलं होतं. तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आता संधी चालून आली. दुसऱ्याच दिवशी ती आमच्या कवळीवाल्या फिलियासकडे जाऊन बसली. तारीख ठरवली, दातांचा रंगसुद्धा निवडला.

"मी देणार," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी मला दिले, मी तुला देणार. यावेळी नाटकं करायची नाहीत."

मी करणारही नव्हते. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. पण आमच्या दवाखान्यात दात साफ करणारी जोसेत आहे, ती हटूनच बसली. काढून टाकायचे असतील तर काढा, म्हणे, पण आधी एकदा तिकडे मंक्टन शहरात हिरड्यांच्या डॉक्टरला दाखवा. ओरेलने तिची री ओढली.

"ट्रकचं इंजिन भंगारात द्यायच्या आधी आपण दोन मेकॅनिकना विचारतो की नाही?"

"म्हणजे मी ट्रक?"

"ट्रकवर माझं प्रेम आहे, रोलांद."

झालं. ऑक्टोबरात आम्ही मंक्टनला निघालो, आणि आई मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसली. "तुला भोळीला बनवतील तिथे," ती म्हणाली. भोळी कोण, तर मी!

डॉक्टर कोर्मिये माझ्या मुलीच्या वयाची निघाली. आईने तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जपमाळ काढून बसली. डॉक्टरने एक बारीक, खुणा केलेली सळी घेतली. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती हळूच घालायची आणि आकडा सांगायची, शेजारी बसलेली मदतनीस मुलगी तो कॉम्प्युटरवर टिपून घ्यायची. "तीन, दोन, तीन. चार, पाच, सात."

"सात!" कोपऱ्यातून आई म्हणाली.

"सहा, सात, आठ."

"आठ! तेही मागच्या दाढेला. शाब्बास, रोलांद." तिला वाटलं, मला मार्क मिळताहेत. तिच्या लहानपणी शाळेत नन बाया दहापैकी मार्क द्यायच्या आणि आठ मिळाले की साखरेचा खडा मिळायचा. जबडा वासून, नळी तोंडात, मी हसू की रडू? डॉक्टरचेच खांदे हलायला लागले. मग तिने सळी बाजूला ठेवली आणि आईला समजावलं की हे मार्क नव्हेत, मादाम, हा खड्डा किती खोल आहे त्याचं माप. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, पुढे वाईट. हिरडी दाताला सोडून देते, मधल्या फटीत किटण साचतं, त्यात जंतू राहतात आणि खालचं हाड हळूहळू विरघळतं.

"म्हणजे ही नापास?" आई म्हणाली.

"काठावर आहे," डॉक्टर म्हणाली. "पण मी पास करून घेऊ शकते."

तिने पडद्यावर माझ्या जबड्याचा फोटो दाखवला. हाडाची रेघ कुठे असायला हवी होती आणि कुठे गेली आहे ते बोटाने दाखवलं. एक दाढ जाणार, तिला इलाज नाही. बाकीचे सगळे ठेवता येतील. आधी भूल देऊन हिरडीच्या खालून मुळं खरवडून साफ करायची. दोन महिने थांबायचं, पुन्हा मापं घ्यायची. तरीही जिथे खड्डे खोल राहतील तिथे हिरडी जराशी उघडायची, आतून स्वच्छ करायचं, हाडाची भुकटी आणि एक औषधी जेल भरायचं आणि टाके घालायचे. हाड काही ठिकाणी परत येतं. हलणारा दात शेजारच्या दातांना मागून बारीक तारेने बांधायचा. आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासणी, जन्मभर.

मग तिने रीतीप्रमाणे विचारलं, "घरात कुणाला हिरड्यांचा आजार होता का? हे रक्तातून येऊ शकतं. तुमच्या आईचे दात कशाने गेले?"

मी आईकडे पाहिलं. आई ताठ बसून म्हणाली, "माझं लग्न होतं."

डॉक्टर दूर माँट्रियलकडे वाढलेली, तिला आमच्या बेटाची रीत काय कळणार. "हो, पण दातांना काय झालं होतं? कीड होती? हलत होते?"

जपमाळेचा मणी आईच्या चिमटीत तसाच थांबला होता. मला वाटलं आता ही उठून काहीतरी टाकून बोलणार.

"काही नाही," ती म्हणाली. "काही झालं नव्हतं त्यांना."

बस, एवढंच. डॉक्टरने मान खाली घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. माझ्या उभ्या जन्मात मी हे वाक्य आईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दात गेले, दात काढले, आहेर झाला, हे हजारदा ऐकलं होतं. ते चांगले होते हे तिने कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत मी मनातल्या मनात हिशोब करत होते, पण दातांचा नाही, कंटाळ्याचा. रोज दातांच्या फटींतून डॉक्टरने दिलेलं ते बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू फिरवायचं, टाके, भूल, तीन-तीन महिन्यांनी एवढ्या लांब खेटे. मरेपर्यंत! फिलियास एका दिवसात मोकळं करून देतो. आईच्या दारात गाडी थांबली तेव्हा मी म्हणाले, "जाऊ दे आई. फिलियासला सांग, ठरल्या दिवशी येते मी. तुझंच बरोबर होतं. माझ्याच्याने हे सगळं होणार नाही."

मला वाटलं खूश होईल. ती म्हणाली, "आत ये."

"ओरेल थांबलाय."

"थांबू दे. आत ये म्हणते ना."

ती मला हाताला धरून न्हाणीघरात घेऊन गेली आणि आतून कडी लावली. आता आम्ही दोघी आत. दिवा लावला. मग माझ्याकडे पाठ न करता तिने तोंडात बोटं घातली आणि आधी खालची, मग वरची कवळी काढून ग्लासात ठेवली.

देवा! गाल आत गेले, ओठ नाहीसे झाले, नाक हनुवटीवर टेकायला आलं. ही कुणी तरी तिसरीच बाई होती, खूप खूप म्हातारी, आणि डोळे तेवढे माझ्या आईचे. मी नजर वळवली. तिने माझी हनुवटी धरून परत समोर आणली.

"बघ. नीट बघ," ती म्हणाली. शब्द नीट उमटत नव्हते, पण मला सगळं कळत होतं. खालचा ओठ बोटाने ओढून तिने आत दाखवलं. दात असायचे तिथे हाडाचा उंचवटाच उरला नव्हता, सगळं सपाट, आणि एका बाजूला कवळी घासून झालेली लालभडक जखम.

"हे किती दिवस आहे?"

"हे जातं, दुसरीकडे होतं." ती टबाच्या काठावर बसली. "मी खोटं बोलत नव्हते, रोलांद. दाढ कधी दुखली नाही. बाकी सगळं दुखलं. दात काढले त्या दिवशी मी डॉक्टरला म्हटलं होतं, निदान पुढचे दोन ठेवा. डॉक्टर हसला. बाबा बाहेर टोपी हातात घेऊन उभे होते. किती आनंदात होते! आपण पोरीला केवढं मोठं देतोय असं त्यांना वाटत होतं. मी बाहेर आले तर त्यांनी मला उचलून गाडीत बसवलं. त्यांना काय सांगणार मी?"

मी तिच्यापुढे गुडघे टेकून बसले. बाहेर ओरेलने एकदा हॉर्न वाजवला.

"आणि मी तुला हेच द्यायला निघाले होते," ती म्हणाली. "दोनदा."

मी तिला मिठी मारली. तिचा तो मऊ, बिनदाताचा गाल माझ्या गालाला लागला. बावन्न वर्षांत हा गाल मला असा कधी लागला नव्हता. दोघीही रडलो, काय लपवायचं. मग ती एकदम म्हणाली, "फिलियासला तू सांग. मला नाही जमणार. मी त्याच्याकडे रंगसुद्धा पसंत करून आले." आणि आम्ही रडता रडता हसायला लागलो. ओरेलने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला तेव्हा आईने बोळक्या तोंडाने त्याला अशी शिवी हासडली की ती पूर्वी मी फक्त धक्क्यावर ऐकली होती.

त्या हिवाळ्यात मी मंक्टनचे खेटे घातले. भूल दिली की अर्धं तोंड दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं वाटायचं. मुळं खरवडण्याचा आवाज मात्र थेट कवटीत ऐकू यायचा, बोटीचा तळ खरवडतात ना, अगदी तसा. गेलेल्या दाढेचं मला काही वाटलं नाही. दोन महिन्यांनी मापं घेतली तर बहुतेक आकडे उतरले होते. बेसिन पांढरं राहायला लागलं. तीन जागा तेवढ्या हट्टी निघाल्या. तिथे फेब्रुवारीत हिरडी उघडून हाडाची भुकटी आणि जेल भरलं. आमच्या जाळ्यांच्या दोऱ्यापुढे ते टाके म्हणजे कोळ्याचा धागा. डॉक्टरने बजावलं, चावायचं काही नाही, मऊ खा.

मऊ खा म्हटल्यावर आमच्या घरी आईचं राज्य सुरू झालं. ती सकाळीच पिशवी घेऊन यायची. कोंबडी-बटाट्याचं फ्रिको घोटून घोटून पेजेसारखं करायची, कॉड मासा काटे काढून दुधात कुस्करायची, पाव काकवीत भिजवायची. त्यात किती दूध, कुठली भाजी कितपत शिजवली की हिरडीला टोचत नाही, जखमेला कोमट किती चालतं, हे सगळं तिला पाठ होतं. साठ वर्षांचा अभ्यास. आम्ही मात्र इतकी वर्षं समजत होतो की म्हातारीला गिचका स्वयंपाकच येतो, आणि मागून हसायचो.

एके दुपारी तिसऱ्या घासाला ती थांबली, तोंड वाकडं केलं, आणि तिथेच, टेबलावर, ओरेलच्या समोर, खालची कवळी काढून रुमालात ठेवली. ओरेलचा चमचा हवेत राहिला.

"काय बघतोस?" आई म्हणाली. "जेव."

"बघत नाही," ओरेल म्हणाला. "फ्रिको अजून आहे का विचारत होतो." मी या माणसाशी का लग्न केलं ते मला अधूनमधून आठवतं, त्यातला तो एक दिवस.

खेकड्यांचा हंगाम संपला, उन्हाळा सरला, आणि मी शेवटच्या मोठ्या तपासणीला गेले. आई अर्थातच बरोबर. पुन्हा ती सळी, पुन्हा तो कोपरा. "दोन, तीन, दोन. तीन, दोन, दोन."

"हे फारच कमी मार्क," आई मुद्दाम मोठ्याने म्हणाली.

"सगळ्यात कठीण जागेला आठ होते ना, तिथे आता तीन," डॉक्टर म्हणाली. पडद्यावर तिने जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला. काळ्या खड्ड्यात पांढुरकं हाड धरलं होतं. "हे तुमचंच आहे, मादाम रोलांद. हे दात तुमच्याबरोबर म्हातारे होतील. तेवढं ते ब्रशचं पिल्लू सोडू नका." मी, फटकळ तोंडाची बाई, नुसती मान हलवत बसले. जिभेने पुढचा दात ढकलून पाहिला तर तो जागचा हलला नाही.

मी खुर्चीतून उतरले तर आई उठून उभी. पर्स माझ्या हातात दिली.

"पोरी," ती डॉक्टरला म्हणाली, "माझं बघशील?" आणि कुणी काही म्हणायच्या आत खुर्चीत चढली आणि दोन्ही कवळ्या काढून ट्रेमध्ये ठेवल्या. टॉवेल मागितला नाही.

डॉक्टरने दिवा वळवला. हळू हात लावत सगळं पाहिलं. घासणाऱ्या जागी कवळी कशी सैल करून घेता येईल ते सांगितलं. खालच्या हाडात दोन खिळे बसवून कवळी त्यांवर घट्ट बसते, बघा हवं तर, असंही म्हणाली. आईने हाताने ते सगळं बाजूला सारलं.

"ते राहू दे. मला एवढंच सांग. हिच्यासारखं माझंही झालं असतं का? कधीतरी गेलेच असते का ते?"

डॉक्टरने विचारलं, "तुम्हाला भाऊ होते?"

"तीन. मुलग्यांचे काढत नसत."

"त्यांचे दात?"

"थोरला भाऊ दोना नव्वदीत गेला. सगळे दात घेऊन गेला. बाकीच्या दोघांचेही होते. ही रोलांद बापावर गेलीये."

डॉक्टरने हातमोजे काढले आणि आईचा हात हातात घेतला. "खात्री कुणीच देऊ शकत नाही," ती म्हणाली. "पण मला विचाराल तर, मादाम ओझित, ते राहिले असते. आजही असते."

आई छताकडे बघत पडून राहिली. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. मी तिच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले आणि केसांवरून हात फिरवत राहिले. सुचेल ते बोलत होते. आता बरं होईल, आपण ती जखम बरी करू, खिळे बसवू, काय वाट्टेल ते करू. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने तिने माझा हात घट्ट धरला आणि मला खाली ओढून कानाशी बोलली.

"रोलांद, हे बाबांना कळता कामा नये."

"कुणाला?"

"माझ्या बाबांना. त्यांना फार लागेल गं."

आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. मी तिचे डोळे पुसले आणि म्हटलं, "नाही सांगणार, आई. कुणीच सांगणार नाही."